आरपार दिसणारी कॅन

मूत्रपिंड फळ्यावर काढायला मला फार आवडायचं. भिलाईच्या आमच्या शाळेत रंगीत खडू मोजकेच मिळत, पण या धड्यासाठी मी लाल, निळा आणि पिवळा पर्समध्ये लपवून ठेवत असे. आधी घेवड्याच्या दाण्यासारखी बाहेरची रेघ. मग खोलगट बाजूने आत जाणारी लाल धमनी, तिथूनच बाहेर येणारी निळी शीर, आणि त्यांच्या खालून निघून सरळ खाली उतरणारी पिवळी नळी. डावं पिंड थोडं वर, उजवं थोडं खाली, कारण उजवीकडे यकृताने जागा अडवलेली असते. मुलं म्हणत, मॅडमचं चित्र पुस्तकापेक्षा चांगलं येतं. येत होतंच. खोटा विनय मला जमत नाही.

एक गोष्ट मात्र त्या धड्यात मला कधी जमली नाही. ती पिवळी नळी जिथे उतरते तिथे काय साठतं, हे भरल्या वर्गात मोठ्याने म्हणायला माझी जीभ रेटत नसे. शाळा हिंदी माध्यमाची होती आणि पुस्तकात त्या अवयवाला ‘वृक्क’ म्हणत, हे माझ्या पथ्यावरच पडलं होतं. मराठीत त्याचं नुसतं नाव घ्यायचं तरी लाज सोडावी लागते. हिंदीत वृक्क, उत्सर्जन, अपशिष्ट द्रव असं सगळं सोवळ्यात बोलता येई. मागच्या बाकावरचं कोणी फिसकन हसलं की मी डस्टर आपटायची आणि पुढच्या मुद्द्यावर उडी मारायची. तो शब्द पुस्तकात छापलेला होता, मुलं तो वाचत होती, परीक्षेत लिहीत होती. मी तेवढी तो उच्चारत नव्हते.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे सिमेंटचं अंगण, अंगणाच्या एका टोकाला नळ आणि दुसऱ्या टोकाला न्हाणी-संडास. नवरा रोलिंग मिलमध्ये शिफ्ट ड्यूटीला. सासरे वर्ध्याकडचे. पोलादाचा प्लांट नवा होता तेव्हा इकडे आले आणि सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर काढून रिटायर झाले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. म्हणजे घरात दोन पुरुष आणि बाई मी एकटी.

सासऱ्यांचं आणि माझं बोलणं नव्हतं. भांडण होतं म्हणून नव्हे, उलट ते माणूस म्हणून फार सज्जन होते. पण आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. माझ्या आईने मला बीएस्सी, बीएड केलं आणि सासरी पाठवताना एवढंच बजावलं, डोक्यावरचा पदर पडू देऊ नको आणि सासऱ्याला उलट उत्तर देऊ नको. उत्तर देण्याआधी प्रश्न यावा लागतो, तो कधी आलाच नाही. मी कपबशी ठेवताना हवेला सांगायची, “चहा झाला म्हणावं.” ते रेडिओकडे बघून म्हणायचे, “आज भाजीत मीठ कमी झालं वाटते.” त्यांना मीठ नेहमीच कमी वाटे. फर्नेसवर घामाच्या धारा लागत, म्हणून तिथे मीठ घातलेलं पाणी पीत. ती सवय जिभेला कायमची लागली होती. मग मी मिठाची बरणी ताटाजवळ ठेवायची. असा आमचा संसार रेडिओच्या आणि हवेच्या मध्यस्थीने सुखात चालला होता. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट शाळेतल्या बायकांना मी कौतुकाने सांगायची, आमच्याकडे अजून मर्यादा आहे हो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि सासऱ्यांच्या पायांवर सूज आली. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतून बसायचा आणि बोटाने दाबलं की खळगा पडून राहायचा. नवऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं, मीही बरोबर गेले. डॉक्टर तरुण, हिंदी बोलणारे, शांत स्वभावाचे होते. त्यांनी रक्त तपासलं, ब्लडप्रेशर बघितलं आणि म्हणाले, गुर्द्यांची, म्हणजे मूत्रपिंडांची, शंका येते, चोवीस तासांचं युरिन जमा करून आणा. सकाळचं पहिलं टाकून द्यायचं, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचं सगळंच्या सगळं एका भांड्यात. “एक बूँद भी बाहर नहीं जानी चाहिए, मॅडम. आप तो समझती हैं, बायोलॉजी पढ़ाती हैं.”

मी मान डोलावली. मला खरंच समजत होतं. एकेका मूत्रपिंडात दहा-दहा लाख चाळण्या असतात. प्रत्येकीच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि त्या गुंत्यातून रक्तातलं पाणी गाळून खाली एका नळीत उतरतं. दोन्ही पिंडं मिळून दिवसभरात पावणेदोनशे लिटरच्या घरात पाणी गाळतात. तेवढं बाहेर टाकलं तर माणूस दुपारपर्यंतच वाळून जाईल. म्हणून ती नळी चिमट्यासारखी वळसे घेत जाते आणि वाटेत जवळजवळ सगळं पाणी, साखर, लागेल तेवढं मीठ रक्ताला परत करते. उरतं ते लिटर-दीड लिटर. किती उरलं आणि त्यात काय आहे, यावरून आतलं काम कसं चाललंय ते कळतं. थोडं जरी सांडलं की हिशेब चुकला. हे सगळं मी घडाघडा सांगितलं असतं, कोणी सांग म्हटलं असतं तर.

कॅन आणायला मी पावर हाउसच्या बाजारात गेले. दुकानदाराने दोन काढल्या. एक निळी, जाड. एक पांढरी, पातळ, आतलं बाहेर दिसणारी. “ये लीजिए बहनजी, अंदर का माल बाहर से दिखेगा,” तो म्हणाला. त्याला वाटलं मी तेल भरणार आहे. मी पांढरी घेतली. माप बाहेरून दिसेल, हा माझा शास्त्रीय विचार. घरी येऊन ती उकळत्या पाण्याने धुतली आणि न्हाणीच्या दाराशी, नळाच्या समोर ठेवली.

आता सासऱ्यांना सांगायचं कोणी? मी सांगणं शक्यच नव्हतं. नवऱ्याला जेवताना सगळं दोनदा समजावलं. तो म्हणाला, “हो हो, मी सांगून देतो.” मग हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेला. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. तो म्हणाला, “बाबा, उद्या त्या कॅनमध्ये करजा.” सासरे म्हणाले, “बरं.” नवऱ्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला. संपलं. पहिली टाका, पुढची सगळी, प्रत्येक वेळची, दुसऱ्या सकाळपर्यंत, यातलं एकही अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही. फर्नेसवाल्याचा मुलगा, मिलमध्ये लाल लोखंडाशेजारी उभा राहणारा, आणि बापाशी लघवीचं बोलायला लाजला. मला तिथल्या तिथे बाहेर जाऊन सांगता आलं असतं. मी बांगड्या वाजवल्या, भांडं आपटलं. त्याने पेपरचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी नवरा फर्स्ट शिफ्टला गेला. मी सुट्टीमुळे घरी. एरवीसारखी शाळेत असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. सुट्टीतली कामं काढून मी दिवसभर अंगणात नळाशी बसले होते. गोधड्या धुतल्या, पितळेची भांडी चिंचेने घासली, वाळवणाच्या चाळण्या, परात, सगळं काढलं. सासरे मधून मधून धोतर सावरत, टोपी घालत आणि छत्रीला सांगत, “जरा फिरून येतो.” थोड्या वेळाने परत येत. पुन्हा थोड्या वेळाने निघत. इतक्या उन्हात कशाला हिंडतात म्हणून मी मनातल्या मनात चिडले. कॅनकडे मी बघत नव्हते, बघायची चोरी होती. नजर तिकडे वळली की मी परात अजून जोराने घासायची.

दुसऱ्या सकाळी कॅनमध्ये तळाला जेमतेम थोडंसं होतं. मी तिच्याभोवती पेपर गुंडाळला, नवऱ्याने स्कूटरच्या पुढे पायाशी ठेवली आणि लॅबमध्ये देऊन आला.

रिपोर्ट बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. इतक्याशा लघवीचा अर्थ पिंडं गाळतच नाहीत, असा होतो. प्यायलेलं पाणी बाहेर पडत नसेल तर ते पायात, फुप्फुसात साठणार. म्हणून पाणी मोजून द्या, चहा, वरण, ताक सगळं धरून. मीठ बंद. महिन्याभराने पुन्हा बघू, नाहीतर मोठ्या ठिकाणी न्यावं लागेल. डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना जे दिलं त्यावरून ते बोलले.

आणि मग मी माझं शिक्षण बाहेर काढलं. शाळेच्या प्रयोगशाळेतून काचेचं एक बीकर आणलं, रेघा मारलेलं. दिवसभराचं पाणी त्या रेघेने मोजून तांब्यात काढून ठेवायचं, तांब्यावर वाटी झाकायची, माठ आत स्वयंपाकघरात उचलून न्यायचा. चहा अर्धा कप. वरण घट्ट. सकाळी ते खाटेवर बसलेले असताना मी समोरच्या स्टुलावर बीकर ठेवून पाणी ओतायची, डोळ्याच्या पातळीला आणून, रेघेला रेघ लावून. वर्गात मुलांना शिकवायची तसं. ते बघत राहायचे.  शेजारपाजारी माझं नाव झालं, सून असावी तर अशी.

नवतपा लागला होता. रोहिणीच्या त्या नऊ दिवसांत भिलाईत ऊन कसं असतं ते सांगण्यात अर्थ नाही, ज्याने सोसलंय त्याला माहीत आहे. कूलरमध्ये पाणी घालायला मी बादल्यांवर बादल्या नेत होते. सासऱ्यांची खाट कूलरसमोर. मी बादली ओतताना ते तिच्याकडे बघत. लोखंडाच्या पेटीला मी दिवसाला चार बादल्या पाणी पाजत होते आणि माणसाला बीकरने. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक हवेला विचारलं असतं.

पायाची सूज उतरली. मला काय आनंद झाला! नवऱ्याला दाखवलं, आईला कळवलं. मग त्यांचे ओठ फुटले, तेव्हा मी हवेला सांगून तूप लावायला ठेवलं. मग ते रेडिओ लावेनासे झाले. एक दिवस पोळी तोंडात घेऊन बराच वेळ चघळत बसले आणि शेवटी ताटाखाली ठेवून उठले. उठताना खाटेचा दांडा धरला. नवरा म्हणाला, “बाबाले कमजोरी येऊन राहिली. बिमारी वाढली वाटते.” आम्ही दोघांनी ठरवलं की मोठ्या ठिकाणी न्यावं लागेल. पाणी आणखी थोडं कमी करावं का, असंही मी म्हणाले. हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे, ते मला कुणाच्या माथी मारता येत नाही.

पावसाळ्याआधी टाउनशिपची माणसं मागच्या गल्लीतले चेंबर साफ करायला यायची. ती आली तेव्हा मी मागच्या दाराशी उभी होते. समोरच्या क्वार्टरमध्ये छत्तीसगडी कुटुंब राहायचं. तिथले आजोबा सासऱ्यांचे फर्नेसवरचे जुने सोबती. त्यांच्या घरची बाई चेंबरकडे बघत मला म्हणाली, “बने होगे बहिनी. तुंहर लैट्रिन घलो जाम रहिस न ओ दिन?”

मला कळेना. आमचं कधी जाम झालं?

ती हसली. “अरे, ओ दिन. बबा ह दिन भर हमर घर आवत रहिस.” मग मला समजावं म्हणून हिंदीत म्हणाली, “चार-पाँच बार आए. हम बोले, बबा, क्या हुआ? बोले, घर का खराब है.”

कुठला दिवस, हे मी विचारलं नाही. गोधड्या वाळत घातल्या होत्या तो दिवस, तिनेच सांगितलं. आमच्या गोधड्या तिच्या दारातून दिसत होत्या.

मी घरात आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.  चाळण्या, वळसे, पावणेदोनशे लिटर, सगळं मला पाठ होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि इथे तर कोरडा मी दुसऱ्याला पाडला होता. त्यांची पिंडं काम करत होती. आणि पाणी मिळेनासं झाल्यावर तर बिचारी थेंब थेंब वाचवून रक्ताला परत देत असणार, जमेल तेवढं घट्ट करून. आता खरंच लघवी कमी झाली असेल. नसलेला रोग मी मोजून मोजून आणत होते.

नवरा यायला वेळ होता. यायची वाट बघावी, त्याला सांगावं, तो सांगेल, असं मनात आलं. खरं सांगते, तेव्हाही आलं. मग मी माठातून तांब्या भरला आणि बाहेरच्या खोलीत गेले.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हणाले, “मामाजी.”

ते दचकून उठायला लागले. मी त्यांना कधी हाकच मारली नव्हती.

“मामाजी, त्या दिवशी तुम्ही समोरच्या घरी काहून जात होते? लघवीले?”

तो शब्द माझ्या तोंडून गेला. त्यांनी टोपी शोधली, घातली. सुनेसमोर डोकं उघडं होतं म्हणून. भिंतीकडेच बघत ते म्हणाले, “त्या कॅनमधून आरपार दिसे, बाई. अन् तू तिथंच बसून भांडे घासून राहिली होती. तुह्या समोरून माणसानं जावं तरी कसं?”

“मग कॅनमध्ये होतं ते?”

“रात्रीचं. तू झोपली तवाचं.” टोपी सारखी करत म्हणाले, “त्यानं सांगितलं, त्या कॅनमध्ये करजा. म्या केली. साऱ्या दिवसाची लागते, हे मले कोणं सांगितलं?”

कोणीच नाही. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. स्टुलावरच्या बीकरकडे बघितलं आणि म्हणाले, “आजचं झालं. रेघेच्या वर होते.”

“होऊ द्या,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. पदर डोक्यावरून खाली आला होता तो मी डोळ्यांना लावला. सासऱ्यांसमोर सून अशी रडते म्हणजे काय, याने ते आणखी घाबरले. मी रडू नये म्हणून ते पाणी प्यायले.

दुपारी तिघंही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सगळं मीच सांगितलं, नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. ते रागावले नाहीत. त्यांनी सलाईन लावलं आणि मला एवढंच म्हणाले, “मॅडम, आपसे ये उम्मीद नहीं थी.” ओरडले असते तर परवडलं असतं. सासरे बरे होऊन बसते झाल्यावर पुन्हा चोवीस तासांचं जमा करायला सांगितलं.

या वेळी कॅन तीच होती, कारण दुसरी आणायला पुन्हा पावर हाउसला जाण्याचं धैर्य मला नव्हतं. पण मी जुन्या परकराचं कापड काढून तिला खोळ शिवली, गळ्याशी नाडी घातली. मी नळाशी बसायचं नाही असं ठरलं. मी दिवसभर पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसले. प्रत्येक वेळी ते अंगणातून आत यायचे, खाली मान घालून म्हणायचे, “झाली,” आणि मी खाली मान घालून म्हणायची, “बरं.” रेडिओला मध्ये घेतलं नाही. दोघांचेही चेहरे लाल व्हायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खरं, पण तिला घराबाहेर काढणं काही सोपं नाही.

लॅबमध्ये द्यायला नवऱ्याची ड्यूटी आडवी आली. ती आली की त्याने आणली, ते मी विचारलं नाही. रिक्षाने मी आणि सासरे गेलो. ते बाकावर बसले, मी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिले. रांगेत माझ्या शाळेतल्या एका मुलाचे आईवडील होते, त्यांनी मला नमस्ते केलं. माझी पाळी आली. खिडकीतल्या माणसाने कॅन वर काढली, खोळीची नाडी बघितली आणि मोठ्याने म्हणाला, “ये क्या, घूँघट पहना के लाए हैं? क्या है इसमें? किसका है?”

रांग हसली. माझं तोंड उघडलं आणि त्यातून वृक्कसुद्धा निघेना. त्या खिडकीसमोर मी मागच्या बाकावरच्या मुलीसारखी उभी होते.

मागून सासऱ्यांचा आवाज आला. ते बाकावरून उठून आले होते. फर्नेसच्या गोंगाटात ओरडून बोलायची सवय असलेला तो आवाज, घरात मी कधी ऐकला नव्हता. “हमारा है,” ते म्हणाले. “पेशाब है. चोबीस घंटे का. पूरा है, एक बूँद बाहर नहीं गया.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नाडी सोडून खोळ खाली ओढली. कॅन चांगली भरली होती. आरपार दिसत होती. ते मान ताठ करून उभे होते, पण त्यांचे कान लालबुंद झाले होते. सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाला मी हे करायला लावलं, असं मला वाटलं, आणि अजूनही त्या खिडकीची आठवण आली की मी हातातलं काम जोराने करायला लागते.

नंतर कळलं, पिंडं म्हातारी होती पण धडधाकट होती. सूज मिठाची होती. पण ते नंतर.

बाहेर कडुनिंबाखाली प्याऊ होती, लाल कापड गुंडाळलेले रांजण आणि साखळीने बांधलेला पेला. आम्ही रिक्षाची वाट बघत तिथे थांबलो. मी पेला भरून दिला. ते कट्ट्यावर बसून सावकाश प्यायले.

मी विचारलं, “मामाजी, इतके दिवस तहान नव्हती लागत?”

“लागे ना,” ते म्हणाले. “जीभ टाळूले चिपके.”

“मग मागितलं काहून नाही?”

ते पेल्यात बघत राहिले. “तू रोज समोर बसून मोजून देत होती. शिकलेली पोरगी. मले वाटलं, तुले माहीत असंन, माह्या हिश्शाचं एवढंच उरलं. आता उरलं नाही ते सुनेले मागाचं कसं?”

 तहान हा शरीराचा निरोप असतो, पाणी कमी पडलं की आतून येतो, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवत होते. त्यांना तो निरोप रोज येत होता आणि ते तो माझ्यापासून लपवून, भिंतीकडे तोंड करून गिळत होते. मला वर बघवेना. मी साखळीशी चाळा करत राहिले.

रिक्षा आली. त्यांनी हात करून ती थांबवली आणि पेला माझ्यापुढे धरला.

“भर,” ते म्हणाले. “आता मोजू नको.”